एक लाख एकोणसाठ हजार एकशे सत्त्याण्णव

जुळे सोलापूर
२ जुलै २०२५

जोत्या,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. तुझा पत्ता आपल्या वर्गातल्या धनाजीकडून मिळाला. त्याने फोन नंबरही दिला होता, पण माझे कान आता फक्त चष्मा अडकवायला उरलेत. फोनवर मी भलतंच ऐकतो आणि भलतंच उत्तर देतो, सुनेने त्यावर बंदीच घातली आहे. म्हणून पत्र.

येत्या १५ सप्टेंबरला आपली शाळा हायस्कूल झाली त्याला पन्नास वर्षं होतात. दहावीची पहिली तुकडी आपली. एकोणचाळीस जण होतो, आता सव्वीस आहोत, मी एकेकाला शोधून मोजलेत. सगळ्यांनी यायचं ठरलंय. शंकरप्पा गुरुजी अठ्ठ्याऐंशीचे आहेत, कुंभारीला मुलाकडे असतात. पाठ वाकली आहे, पण पाढे अजून ताठ आहेत. तेही येणार.

शाळेला नवी कमान बांधली आहे, तिच्यावर आपली संख्या पितळी अंकांत बसवणार आहेत. १५९१९७. आठवते ना? उद्घाटनाची तारीख १५-९-१९७५, शेवटचा पाच गुरुजींनी खोडला, कारण तो ठेवला तर पाचाने भाग जातो. उरली ती मूळ संख्या, एक आणि ती स्वतः सोडून कोणालाच दाद न देणारी. पन्नास वर्षं शाळेच्या भिंतीवर आहे. तिथेच मी एकतीस वर्षं गणित शिकवलं, तेव्हा स्मरणिकेत तिच्यावरचा लेख माझ्याकडेच आला आहे. त्यात सगळ्या वर्गमित्रांचे फोटो छापायचेत. तुझा एक पाठव, आणि ये.

तुझा,
चनबसप्पा बिराजदार


वेळापूर
१४ जुलै २०२५

चन्ना,

पत्र पोचलं. फोटो पाठवत नाही आणि येतही नाही. कारण तुला आठवायला हवं होतं, पण तू मास्तर झालास आणि मास्तर लोकांना फक्त दुसऱ्यांच्या चुका आठवतात. म्हणून मीच लिहितो.

त्या दिवशी गुरुजींनी फळ्यावर ती संख्या लिहिली आणि म्हणाले, हिचं वर्गमूळ चारशेच्या आत आहे, म्हणजे चारशेच्या आतल्या मूळ संख्यांनी भागून बघितलं की पुरे. त्या भरल्या अठ्ठ्याहत्तर. आपण एकोणचाळीस. प्रत्येकाच्या वाट्याला दोन. मी मामाकडे राहून शिकत होतो, नाव सगळ्यात उशिरा घातलेलं, म्हणून माझा नंबर शेवटचा आणि माझ्या वाट्याला शेवटच्या दोन, ३८९ आणि ३९७. पहिलीने भाग गेला नाही. दुसरीने गेला.

कसा गेला ते तेव्हा कोणी ऐकून घेतलं नाही, आता तू वाच. आमच्यात मेंढरं विसांनी मोजतात. वीस मेंढरं आत गेली की एक खडा. वीस खडे झाले की दोरीला एक गाठ. एक गाठ म्हणजे चारशे, एक खांड. हे मोजणं मला माझ्या आईनं, मायाक्कानं शिकवलं, तिला अंक लिहिता येत नव्हते. मी त्या संख्येची खांडं पाडली. चारशेचं एक, अशी तीनशे सत्त्याण्णव खांडं झाली आणि वर मेंढरं उरली, तीही तीनशे सत्त्याण्णव! मग अडलं कुठं? प्रत्येक खांडात एकेक मेंढरू सोडायचं. तीनशे सत्त्याण्णव खांडं, दर खांडात चारशे एक. बाहेर एकही नाही.

मी उठून म्हणालो, "गुरुजी, भाग जातोय की!" गुरुजी म्हणाले, "कागद दाव." मी म्हणालो, "कागुद न्हाय गुरुजी, डोक्यात केलं." बाहेर तपासणीच्या साहेबांची जीप लागली होती. गुरुजींनी तुला मॉनिटर म्हणून तपासायला सांगितलं, तू पाटीवर केलंस आणि म्हणालास, "बाकी उरते गुरुजी, बारा." गुरुजी मला म्हणाले, "काम चुकवतोस आणि वर खोटं बोलतोस? दारात उभा राहा. कागद आणशील तेव्हा आत."

मी दारात उभा होतो आणि आत गुरुजी साहेबांना सांगत होते की आमच्या शाळेला स्वतःची मूळ संख्या आहे. पोरांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी मी मेंढरांमागे निघालो, तो आजतागायत.

तुझ्यावर राग नाही. तुला भागाकार कधीच धड येत नव्हता, माणूस चुकतो. राग गुरुजींवर आहे. कमानीवर ती संख्या पितळेत बसवणार म्हणजे मी खोटारडा होतो हेच पितळेत बसवणार. ते पुसा, मग फोटो मागा.

जोतिराम वाघमोडे


जुळे सोलापूर
२२ जुलै २०२५

प्रिय जोतिराम,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू फार मनाला लावून घेतलंस, आणि ते साहजिक आहे. पण थोडा विचार कर. गुरुजी अठ्ठ्याऐंशीचे आहेत, गेल्या वर्षी हृदयाचं दुखणं काढलंय. ही संख्या म्हणजे त्यांच्या आयुष्याची मिरवणूक आहे. कुंभारीत कोणी भेटायला गेलं की पहिलं तिच्याबद्दल सांगतात. समारंभात त्यांच्यासमोर कोणी उठून म्हणालं की तिला भाग जातो, तर म्हाताऱ्याचं काय होईल?

पन्नास वर्षं झाली. तुझा मुलगा सोसायटीचा चेअरमन, नात प्रियंका इंजिनिअरिंगला, असं धनाजी सांगत होता. तुला आता काय कमी आहे? एक संख्या सोडून दे. मी लेखात तुझं नाव घालतो, "हुशार विद्यार्थी" म्हणून.

चनबसप्पा


वेळापूर
३० जुलै २०२५

चन्ना,

"हुशार विद्यार्थी" तुझ्या लेखात नको, मला १९७५ साली हवा होता.

प्रियंकानं मोबाईलवर ती संख्या घातली. बोट उचलायच्या आत उत्तर आलं, ३९७ गुणिले ४०१. पोरगी म्हणते, "आजोबा, एवढ्यासाठी पन्नास वर्षं? कुणालाबी विचारायचं की!" मी म्हणालो, "मला ठाऊक हाय गं, माज्या डोक्यातनं त्ये कवाच इकडंतिकडं न्हाय गेलं. त्यांना ठाऊक करायचंय."

तुझ्या पत्रातली एक गोष्ट मला कळली नाही. तू एकतीस वर्षं गणित शिकवलंस. रोज शाळेत येता-जाता ती संख्या तुझ्या नाकासमोर होती. आणि माझ्या पत्रावर तू "माझं चुकलं होतं का, बघतो" असं एका ओळीनंही म्हणत नाहीस. गुरुजींच्या हृदयाबद्दल लिहितोस. तू त्या दिवशी पाटीवर जो भागाकार केलास तो कागदावर मांडून मला पाठव. बारा कुठून आले ते मला बघायचंय. मग सोडून देईन.

जोतिराम


जुळे सोलापूर
१९ ऑगस्ट २०२५

जोत्या,

तीन आठवडे झाले. भागाकार पाठवता येत नाही, कारण तो मी केलाच नव्हता.

साहेब जीपमधून उतरत होते, गुरुजी दाराकडे बघत होते, सगळा वर्ग माझ्याकडे. मी पाटीवर संख्या लिहिली, पहिला अंक मांडला, आणि तिथेच अडलो. तू म्हणतोस ते खरं, मला भागाकार येत नव्हता. "येत नाही" म्हणालो असतो तर मॉनिटरपद गेलं असतं. "जातो" म्हणालो असतो तर गुरुजींचं साहेबांसमोर हसं झालं असतं. म्हणून तोंडाला आला तो आकडा सांगितला.

त्या संध्याकाळी घरी बसून भागाकार केला. चार वेळा चुकला, पाचव्यांदा आला. बाकी शून्य. दुसऱ्या सकाळी तुझ्या मामाच्या दारापर्यंत आलो होतो. आतून तुझा आवाज ऐकू आला आणि परत फिरलो. मग तू गेलास आणि मला हायसं वाटलं, हेही लिहून टाकतो.

पुढे मी जिद्दीने गणित शिकलो, लोकांना वाटलं गुरुजींमुळे. ते तुझ्यामुळे. मास्तर झाल्यावर दर वर्षी ठरवायचो की आता सांगायचं. एकदा एका नव्या शिक्षकाने विचारलं, "सर, ही संख्या कोणी तपासली का हो?" मी म्हणालो, "मी स्वतः." तुला मागच्या पत्रात गुरुजींचं हृदय पुढे केलं, ते माझंच होतं.

हे पत्र टाकून मी कुंभारीला गुरुजींकडे जातोय. तू मला वाटेल ते लिही.

चन्ना


कुंभारी
३० ऑगस्ट २०२५

चि. जोतिराम यास शंकरप्पा गुरुजींचे आशीर्वाद.

चनबसप्पाला तू उत्तर दिलं नाहीस असं तो म्हणाला. ते तुझं तू बघ. मी माझ्यापुरतं लिहितो.

तो आला, रडला, सगळं सांगितलं. मी त्याला म्हणालो, आधी डोळे पूस आणि पाटी आण. नातीची पाटी घेऊन मी भागाकार मांडला. भिंग घेऊन, अक्षर गिरवत, वीस मिनिटं लागली. बाकी शून्य. मग मी तुझी खांडांची रीत चनबसप्पाकडून समजून घेतली. जोतिराम, मी खुर्चीत बसल्या बसल्या मोठ्याने हसलो. सून ईरम्मा आतून धावत आली, तिला वाटलं सासऱ्याला काही झालं. अरे, एवढं सोपं! एवढं देखणं! पन्नास वर्षं मी त्या संख्येवर प्रेम केलं आणि तिच्या पोटात काय आहे ते मला मेंढरं मोजणाऱ्या पोराने सांगितलं होतं, आणि मी त्याला दाराबाहेर काढलं.

चनबसप्पाची चूक पोराची होती. माझी मास्तरची होती. मी स्वतः तपासलं नाही, आणि तुझी रीत मला कळली नाही म्हणून ती खोटी ठरवली. मी तुझी माफी मागतो. हे वाक्य मी दोनदा वाचून मगच पाकिटात घालतोय.

ती संख्या कमानीवर लागणार नाही, मुख्याध्यापिका सिद्धेश्वरी बाईंना मी कळवलं आहे. पण कमान रिकामी ठेवायला माझं मन होत नाही. तुझ्याजवळ एखादी खरी आहे का? असेल तर घेऊन ये.

शंकरप्पा


वेळापूर
५ सप्टेंबर २०२५

पूज्य गुरुजी,

पत्र प्रियंकानं मोठ्यानं वाचलं आणि मला चष्मा काढून बाहेर जावं लागलं. माफीचं पुन्हा कधी लिहू नका.

खरी एक आहे. १६०००१. चारशे खांडं, दर खांडात चारशे, आणि वर एकटं एक मेंढरू. शाळा सोडल्यावर मेंढरांमागं चालताना हीच का सुचली ठाऊक नाही, पण तीन उन्हाळे मी तिच्यामागं होतो. काठीनं मातीत भागाकार करायचो, वाऱ्यानं पुसला की पुन्हा. हिलाही त्याच अठ्ठ्याहत्तर संख्यांनी भागून बघावं लागतं, ४०१चा वर्ग हिच्या पुढं जातो. कोणाचाच भाग गेला नाही.

पण माझ्या शब्दावर घेऊ नका. सव्वीस जण येणार असं चन्नानं लिहिलं होतं, प्रत्येकाला तीन तीन वाटा. या खेपेस प्रत्येकाचा कागद बघा. माझाही.

आपला विद्यार्थी,
जोतिराम सिदू वाघमोडे


वेळापूर
१७ सप्टेंबर २०२५

चन्ना,

तू आला नाहीस. धनाजीकडे निरोप दिलास की मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. त्याच धनाजीनं मला सांगितलं की ऑपरेशन जानेवारीतच झालंय. तुला खोटं बोलायलाही धड येत नाही, म्हणून तुझ्यावर किती वेळ रागवावं ते कळत नाही.

रागावलो होतो, हे खरं. तुझं ते पत्र आलं त्या दिवशी मी जेवलो नाही. गुरुजींवरचा राग पन्नास वर्षं बाळगला, तो निम्मा तुझा होता आणि तू तो त्यांच्या नावावर राहू दिलास. हे मी विसरणार नाही. तरी लिहितोय, कारण काय झालं ते तुला कळायलाच हवं.

शाळेत गेलो. वर्ग तोच, बाकडी नवी. सगळे आत बसलेले, गुरुजी खुर्चीत. आणि माझे पाय दारातच थांबले, पासष्ट वर्षांचा बाप्या, पुढं टाकवेना. गुरुजींनी भिंगातून बघितलं. म्हणाले, "कोण? जोतिराम? भाईर का हुबा? ओळगे बा. आत ये बाबा, आत ये." कानडीत म्हणाले, मराठीत म्हणाले, मग काठी टेकत उठायलाच लागले. मी पळत आत गेलो. पाया पडायला वाकलो तर त्यांनी मला धरून ठेवलं आणि साऱ्या वर्गाला सांगितलं, "ह्यो बरोबर हुता. मी चुकलो." तुझं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही घेतलं नाही.

मग मी फळ्यावर खांडं पाडून दाखवली. दहावीची आत्ताची पोरं मागं उभी होती, त्यांनी एवढा दंगा केला की सिद्धेश्वरी बाईंना छडी आपटावी लागली.

त्यानंतर माझी संख्या. गुरुजींनी नावं घेऊन तीन तीन संख्या वाटल्या. अरे, काय तो वर्ग! राजशेखरचं कापडाचं एवढं मोठं दुकान, तो जीभ बाहेर काढून भागाकार करत होता. सोमशेखर शेजारच्याच्या कागदात बघताना दोनदा सापडला. आणि एकदम गुरम्मा ओरडली, "शून्य! तेरानं जातंय! बाकी शून्य!"

चन्ना, तीन उन्हाळे, पन्नास वर्षं, आणि तेरा? वर्गात सगळे माझ्याकडं बघायला लागले, तसेच जसे त्या दिवशी बघत होते. गुरुजी म्हणाले, "कागद आण." गुरम्मानं कागद नेला. त्यांनी भिंग धरलं, बोट एकेका अंकावरून सरकवत गेले आणि म्हणाले, "गुरम्मा, शून्यं मोज." तिनं एक शून्य जास्त लिहिलं होतं, सोळा लाख एक. त्याला तेरा जातो. पुन्हा केलं, बाकी दहा. ती हसली, मी हसलो, आणि मला हसता हसता रडू फुटलं, ते कोणापासून लपवलं नाही.

पंचवीस जणांचे पंच्याहत्तर भागाकार गुरुजींनी तपासले आणि प्रत्येकावर सही केली. पाच तास लागले, जेवणं गार झाली, कोणी हललं नाही. पंच्याहत्तर ठिकाणी बाकी उरली.

तीन राहिल्यात. शेवटच्या तीन, ३८३, ३८९ आणि ३९७, नंबराप्रमाणं माझ्या होत्या. मी गुरुजींकडून बदलून घेतल्या आणि तुझ्यासाठी ठेवल्या. तुझ्याशिवाय कमानीवर काही लागणार नाही असं गुरुजींनी सांगितलंय. उत्तर मला ठाऊक आहे, ते मी तुला सांगणार नाही. या वेळी तू खरंच भागून बघ.

जोतिराम


जुळे सोलापूर
२५ सप्टेंबर २०२५

जोत्या,

३८३ : भागाकार ४१७, बाकी २९०.
३८९ : भागाकार ४११, बाकी १२२.
३९७ : भागाकार ४०३, बाकी १०.

कागद सोबत जोडलाय. प्रत्येक भागाकार तीनदा केला. तिसरा भागाकार संपला आणि खाली बाकी दिसली तेव्हा मी एकटाच खोलीत "उरली!" म्हणून ओरडलो. नंतर तसाच पायात चप्पल अडकवून कुंभारीची एसटी धरली. गुरुजींनी तिन्ही तपासले, सही केली आणि म्हणाले, "आता तुझं तू शाळेत जाऊन सांग." त्यांनी माझं काम माझ्यासाठीच ठेवलं होतं.

काल सकाळच्या प्रार्थनेला गेलो. सगळी शाळा मैदानात. सिद्धेश्वरी बाईंनी ओळख करून दिली, "आपले माजी गणित शिक्षक." मी म्हणालो, मी दहावीत एक भागाकार न करता उत्तर सांगितलं, आणि त्यामुळे एक मुलगा शाळेबाहेर गेला. एकतीस वर्षं याच आवारात मला ते माहीत होतं. सगळं सांगितलं, बारा या आकड्यासकट. पुढच्या रांगेतल्या, दोन वेण्या घातलेल्या एका पोरीने हात वर केला. "सर, मंग त्या मुलानं पुढं काय केलं?"

मी म्हणालो, "त्याने मेंढरं राखली. आणि मेंढरांमागे चालता चालता, मातीत काठीने लिहून, आपल्या शाळेला खरी मूळ संख्या शोधून दिली."

जोत्या, टाळ्या किती वाजल्या ते कसं लिहू? गुरुजींच्या पन्नास वर्षांच्या संख्येलाही तेवढ्या वाजल्या नसतील. पोरं तुझं नाव विचारत होती, कसं लिहायचं ते विचारत होती. तू माफ केलंस की नाही ते मी विचारत नाही. ते तुझ्याकडे राहू दे, जोवर हवं तोवर.

आज दुपारी अंक बसवले. एक, सहा, तीन शून्यं, एक. त्यांच्याखाली सिद्धेश्वरी बाईंनी ओळ कोरून घेतली आहे : "शोधणारा, जोतिराम सिदू वाघमोडे, दहावी, १९७५." कारागीर शिडीवरून उतरला, तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिलो आणि ते मोठ्याने वाचलं. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. मी पुन्हा वाचलं.

चन्ना